जवळचं सेंटर

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधून कॅम्प ३ च्या मध्यवर्ती रुग्णालयात पोचायला फार वेळ लागत नाही. रुळांच्या पूर्वेची वस्ती सोडून पश्चिमेला यायचं, शेअर रिक्षा फार तर एकदा बदलायची. तिथल्या एआरटी (अँटी-रेट्रोव्हायरल थेरपी) सेंटरमध्ये एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात, समुपदेशन होतं, रक्ताच्या चाचण्या होतात आणि कशालाही पैसे पडत नाहीत. तरीही कॅम्प ५ मधली काही माणसं गोळ्यांसाठी सकाळची लोकल पकडून ठाण्याला जातात. काही जण आणखी पुढे, भायखळ्याला उतरून जे. जे. रुग्णालय गाठतात. दिवसाची मजुरी जाते, उभ्याने प्रवास होतो, परत येईपर्यंत दुपार टळून जाते. एवढं करून हातात पडते ती तीच गोळी. पण ठाण्याच्या रांगेत शेजारीण भेटत नाही.

हे सगळं रोज जवळून पाहणारी एक बाई आहे. एका स्वयंसेवी संस्थेची क्षेत्र कार्यकर्ती. कागदोपत्री तिचं पद 'ओआरडब्ल्यू', म्हणजे आउटरीच वर्कर. राहते बदलापूरला, काम कॅम्प ४ आणि ५ मध्ये, अधूनमधून अंबरनाथला. मराठी घरांत ती 'ताई', जीन्सच्या कारखान्यांतल्या उत्तर प्रदेश-बिहारच्या कारागिरांमध्ये 'दीदी'. तिचं नाव इथे येणार नाही. ती ओळखली गेली तर तिच्यासोबत गल्लीत दिसणारी माणसंही ओळखली जातील. तिने सांगितलेल्या माणसांचीही नावं नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

बरीच वर्षं हे काम केल्यावर तिचं एक ठाम मत झालं आहे. औषध आधी स्वस्त झालं, मग फुकट झालं, मग घराजवळ आलं. या तिन्ही लढाया मोठ्या होत्या आणि त्यांनी लाखो जीव वाचवले. पण जिथे भिंतीला भिंत लागून घरं आहेत आणि कोण कुठल्या दवाखान्यात गेलं हे संध्याकाळपर्यंत गल्लीला कळतं, तिथे जवळ आलेल्या औषधापासून माणूस लांब जातो. या लांब जाण्याबद्दल त्याला बोलणी बसता कामा नयेत. त्याची सोय व्हायला हवी.

हे औषध स्वस्त कसं झालं, याची गोष्ट मराठी वाचकाला तशी घरचीच आहे. भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा सिद्ध झाली ती १९८६ मध्ये, मद्रासला. ती शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. निर्मला सेल्लप्पन या त्यांच्या विद्यार्थिनीने रक्ताचे नमुने गोळा केले होते. १९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि श्रीमंत देशांत एड्सने मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने खाली आली. मात्र एका माणसाच्या वर्षभराच्या औषधांना १० ते १५ हजार डॉलर लागत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी जाहीर केलं की तिन्ही औषधं 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ. म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी. हे जमलं ते १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायला आपल्या कंपन्या मोकळ्या होत्या. पुढे आफ्रिकेतल्या गरीब देशांत ज्या गोळ्यांवर माणसं जगली, त्यांतल्या बहुतेक भारतात तयार झालेल्या होत्या.

एक डॉलरसुद्धा कॅम्प ५ साठी महाग होता, हे विसरता येणार नाही. त्या वेळच्या हिशेबाने साधारण ४६ रुपये रोजचे. कारखान्यात धागे कापणाऱ्या बाईच्या दिवसभराच्या कमाईतून ते निघत नव्हते. ताईला या कामात आणणाऱ्या जुन्या कार्यकर्त्यांनी तिला त्या दिवसांबद्दल सांगितलं आहे. घरातल्या दोघांना लागण असेल तर एकाचीच औषधं विकत आणायची, तीही पैसे असतील त्या महिन्यात. गोळ्या मध्येच थांबल्या की विषाणू त्यांना सरावू शकतो आणि मग पुन्हा चालू केल्या तरी उपयोग होईलच असं नाही. सोनं मोडून आणलेली औषधं अशी वाया गेली.

१ एप्रिल २००४ ला केंद्र सरकारने मोफत एआरटी सुरू केली. पहिल्या आठ सरकारी रुग्णालयांत जे. जे. होतं. त्या काळात कल्याणच्या पलीकडचा रुग्ण जे. जे. ला जायचा कारण दुसरीकडे औषध नव्हतंच. नंतर सेंटरं वाढत गेली, ठाण्याला आली, उल्हासनगरला आली. आजही जे. जे. ला जाणारे काही जण आहेत, पण त्यांचं कारण आता वेगळं आहे.

आधी रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या सीडी-फोर पेशी २०० च्या खाली गेल्याशिवाय गोळ्या सुरू होत नसत. मग ती मर्यादा ३५० वर आली, मग ५०० वर. २०१७ मध्ये ती काढूनच टाकली: रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच उपचार. ताईच्या दृष्टीने हा बदल सगळ्यात मोठा होता. त्याआधी तिला धडधाकट दिसणाऱ्या माणसाला सांगावं लागे की तुम्हाला आजार आहे, पण औषध अजून नाही, सहा महिन्यांनी रक्त तपासायला या. तो पुन्हा येत नसे. आला तर टीबी घेऊन यायचा.

तिच्या दिवसाची सुरुवात एका यादीने होते. ठरलेल्या तारखेला गोळ्या न्यायला जे आले नाहीत, त्यांची ही यादी. काही दिवस उलटले तर त्यांना 'मिस' म्हणतात, फारच लांबलं की 'एलएफयू', म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेले. यादीत नाव, मोबाईल आणि पत्ता. मोबाईल बहुतेक वेळा बंद, कारण सिमकार्ड बदललेलं. मग पत्ता शोधायचा.

उल्हासनगरचा पत्ता शोधणं ही वेगळीच विद्या आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींमध्ये ठेवलं गेलं आणि १९४९ मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं. बराकी कधीच्या गेल्या. त्यांच्या जागी चाळी, चार मजली इमारती, खाली दुकान आणि वर कारखाना असं बांधकाम उभं राहिलं. पत्त्यात मात्र बराकीचा नंबर अजून आहे. 'बॅरेक नंबर अमुक, रूम नंबर तमुक, अमक्या शाळेमागे.' एका बराकीच्या जागी वीस घरं झालेली असतात आणि रूम नंबर ३ कुठला यावर तिघांची तीन मतं असतात. आणि ताईला तर विचारायचीही सोय नाही. ती कोण, कशाला आली, हे बोलायचं नाही. बचत गटाची, आरोग्य सर्वेक्षणाची, विम्याची, अशी कुठलीतरी ओळख सांगून ती दार वाजवते. दार नवऱ्याने किंवा सासूने उघडलं आणि आत त्या बाईच्या आजाराबद्दल कुणालाच माहीत नसलं तर ताई खरोखरच बचत गटाबद्दल बोलते, चहा घेते आणि निघते. उंबऱ्याशी सोडायला आलेल्या बाईला हळूच विचारते, "उद्या येणार का?" तेवढंच.

२०१७-१८ च्या सुमारास ही यादी अचानक लांबली. वालधुनी नदीत सोडल्या जाणाऱ्या रंगीत पाण्यावरून न्यायालयीन लढाई झाली आणि कॅम्प ५ च्या भागातले जीन्स धुणारे अनेक कारखाने बंद पडले, काही दुसरीकडे हलले. नदीसाठी ते व्हायलाच हवं होतं. पण कारखान्यांबरोबर कारागीरही गेले. कुणी अंबरनाथला, कुणी भिवंडीकडे, कुणी सरळ गावी. या वस्तीतली अनेक माणसं कारखान्याच्याच माळ्यावर झोपतात, त्यामुळे कारखाना गेला की पत्ताच जातो. ताईने तेव्हा मुकादम, चहावाले, मेसवाल्या बायका यांच्याकडून माणसं शोधली. कुणाला कशासाठी शोधतोय हे एकालाही न सांगता.

या कारागिरांपैकी एकाची गोष्ट ती नव्या कार्यकर्त्यांना नेहमी सांगते. तो शिलाई मशीनवर होता, तुकड्यामागे पैसे. तेव्हा चालू असलेल्या गोळीत एफाव्हिरेन्झ नावाचं औषध होतं. ते रात्री झोपताना घ्यायचं, कारण डोकं गरगरतं आणि भलतीसलती स्वप्नं पडतात. हा नाईटला असायचा. गोळी घेतली की मशीनवर डोळ्यांपुढे अंधारी येई आणि सुई बोटात घुसे. म्हणून ज्या रात्री काम त्या रात्री गोळी नाही, असा त्याने स्वतःपुरता नियम केला. सीझनला महिन्यातल्या निम्म्या रात्री काम असायचं. सेंटरमध्ये सगळ्यांनी त्याला दर वेळी एकच सांगितलं: रात्री नऊला, रोज, न चुकता. तो मान हलवायचा. ताई एकदा रात्री कारखान्यापाशी गेली तेव्हा तिला कळलं की याची रात्र सकाळी आठला सुरू होते. डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ सकाळी, कामावरून सुटल्यानंतरची ठरली. सहा महिन्यांनी व्हायरल लोडचा रिपोर्ट आला. 'टीएनडी.' रक्तात विषाणू सापडला नाही. सेंटरला जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो शाळेत गेलेला असो वा नसो, ही तीन अक्षरं ठाऊक असतात.

आता बहुतेकांना टीएलडी मिळते. तीन औषधांची एकच गोळी, त्यातलं डोल्युटेग्राव्हिर नवं. चक्कर नाही, वेळही आपल्या सोयीची, फक्त रोज तीच पाळायची. २०१७ मध्ये ही गोळी वर्षाला ७५ डॉलरला देण्याचा करार झाला. २०२३ मध्ये ग्लोबल फंडाने ती ४५ डॉलरच्याही खाली आणली. आपल्याकडे २०२० नंतर ती रुळली. जुन्या औषधांनी गाल बसायचे, हातपाय काटकुळे व्हायचे आणि त्या चेहऱ्यावरून माणसं एकमेकांना ओळखायची. तसे चेहरे आता दिसत नाहीत.

उरली ती डबी. प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची, आत तीस गोळ्या आणि दमटपणा शोषणारी छोटी पुडी. हातात घेतली की वाजते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, तिथे रात्री डबी वाजली की कुणीतरी विचारतंच. म्हणून बायका आत कापूस कोंबतात. नखाने लेबल खरवडून काढतात. कुणी गोळ्या कॅल्शियमच्या जुन्या बाटलीत भरतात, कुणी कागदात पुडी बांधून तांदळाच्या डब्यात ठेवतात. पावसाळ्यात त्या गोळ्या ओलसर होतात. मूळ डबीतच ठेवा, असं सेंटरमध्ये सांगावंच लागतं आणि ते बरोबरच आहे. पण ताईने नुसतं सांगणं बंद केलं. ती आता त्या बाईला विचारते, तुमच्या घरात तुमची एकटीची अशी जागा कोणती? या प्रश्नावर अनेक बायका बराच वेळ गप्प बसतात. एकीने सांगितलं, शिलाई मशीनचा खण. दुसरी म्हणाली, देव्हाऱ्याच्या खालचं कपाट, कारण पूजा तीच करते. तिसरीकडे अशी जागाच नव्हती. तिची डबी कामाच्या ठिकाणी, एका मैत्रिणीच्या पिशवीत राहते, आणि रविवारची गोळी ती शनिवारीच पदराला बांधून घरी नेते.

एका सुनेने घरात सांगितलं होतं, थायरॉईडची गोळी आहे. वर्षभर ते चाललं. मग सासूलाच थायरॉईड निघाला. तिला डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायला सांगितली आणि तिने सुनेला विचारलं, "तुझी गं रात्री कशी?" सून दुसऱ्या दिवशी रडत ताईकडे आली. दोघींनी बसून काय सांगायचं ते ठरवलं, गोळीची वेळ सकाळी केली. सासू-सून आता एकाच वेळी गोळ्या घेतात आणि सासू तिला आठवणही करते. या सुनेची एकही गोळी चुकत नाही. कुणी याला खोटेपणा म्हणेल. ताई म्हणते, सासूला खरं सांगायचं की नाही हे त्या मुलीने ठरवायचं, आणि ते ठरवायला ती जिवंत हवी.

सेंटरमध्ये गोळ्या मोजतात. रुग्णाने जुनी डबी आणायची, उरलेल्या गोळ्या ट्रेमध्ये ओतायच्या आणि किती चुकल्या ते काढायचं. शंभरातल्या पंचाण्णव तरी पोटात जायला हव्यात. म्हणजे महिन्यात एखादीच चुकली तर चालते. माणसं बोलणी खाऊ नयेत म्हणून काय करतात, तर जास्तीच्या गोळ्या वाटेत गटारात टाकून येतात. ट्रेमध्ये हिशेब अचूक निघतो, रक्तात निघत नाही. ताईने जितके चांगले समुपदेशक पाहिले, त्यांतला कुणीही डबीत गोळ्या उरल्या म्हणून ओरडला नाही. 'या महिन्यात कुठला दिवस अवघड गेला?' असं ते विचारायचे. लग्नाचा, पाहुण्यांचा, गावच्या जत्रेचा दिवस कळला की पुढच्या वेळची तयारी करता येते.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली, आणि ठाणे-भायखळ्याला जाणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. लांबचं सेंटर निवडण्याची किंमत तेव्हा पहिल्यांदा एवढी मोठी झाली. डबीत दहा-बारा गोळ्या उरलेल्या, रस्त्यावर पोलीस, आणि कशासाठी निघालो हे नाक्यावर सांगायचं तर आजार सांगावा लागणार. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने तेव्हा दोन गोष्टी झटपट केल्या: तीन-तीन महिन्यांची औषधं एकदम द्यायला सुरुवात केली आणि नोंदणी कुठेही असली तरी जवळच्या सेंटरमधून गोळ्या घ्यायची मुभा दिली. बाकीचं काम ताईसारख्यांनी केलं. मास्क लावून, पत्र दाखवून ती डब्या पोचवायची. घरी नाही. रेशनच्या दुकानापाशी, डाळीच्या पिशवीत घालून. सगळ्यांचेच चेहरे मास्कने झाकलेले होते आणि सगळेच पिशव्या देत-घेत होते, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या भयंकर वर्षात तिच्या यादीतली 'मिस' माणसं तिने धरली होती त्याहून कमी राहिली. घराजवळ मिळालेली, पण कुणाच्या डोळ्यांवर न आलेली गोळी माणसं सोडत नाहीत, हे तिला तिथे दिसलं.

औषध नेहमीच वेळेवर असतं असंही नाही. ज्याला एचआयव्हीबरोबर टीबी आहे त्याला टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राव्हिर कमी पडतं. म्हणून टीएलडीनंतर बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते. २०२२ मध्ये देशात अनेक ठिकाणी नेमक्या याच गोळीचा आणि लहान मुलांच्या औषधाचा तुटवडा पडला. जुलैमध्ये एचआयव्हीसह जगणारी माणसं दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या ('नाको') कार्यालयाबाहेर जाऊन बसली आणि चाळीसहून अधिक दिवस बसून राहिली. त्यांनी आपले चेहरे लपवले नाहीत. ताईकडच्या एका टीबीच्या रुग्णाने मोबाईलवर ती बातमी पाहिली. "ही माणसं टीव्हीवर कशी येतात?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. औषध मिळेल का, हे त्याने नंतर विचारलं.

बाळंतपणाच्या गोष्टी ताई सगळ्यात आनंदाने सांगते. कॅम्प ५ मध्ये कितीतरी बायका घरी बसून जीन्सचे धागे कापतात. दारात निळ्या पँटींचा ढीग, मांडीवर कात्री. त्यांतली एक गरोदरपणातल्या तपासणीत पॉझिटिव्ह निघाली. नवऱ्याची तपासणी झाली, तोही निघाला. दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरला शरीरात नीट शोषू देत नाहीत, म्हणून त्यांच्यात काही तासांचं अंतर ठेवायला ताईने तिला भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून दिल्या. एका खाजगी दवाखान्यात नाव घातलं होतं; रिपोर्ट पाहिल्यावर त्यांनी फाईलवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि इथे होणार नाही म्हणून सांगितलं. हे बेकायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. लागण आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत आणि संमतीशिवाय ती कुणाला सांगता येत नाही. तक्रार करायची का, असं ताईने विचारलं. "तक्रार केली तर नाव लिहावं लागेल ना?" ती म्हणाली. शेवटी सरकारी रुग्णालयात बाळंतपण सुखरूप झालं. बाळाला सहा आठवडे औषधाचे थेंब दिले. सहाव्या आठवड्यात टाचेला सुई टोचून कागदावर रक्ताचे ठिपके घेतले, मग सहाव्या महिन्यात, मग बाराव्या, आणि अठराव्या महिन्यात शेवटची तपासणी. मुलगी निगेटिव्ह. त्या दिवशी बाईने सेंटरमध्ये सगळ्यांना पेढे वाटले आणि कशाचे ते विचारल्यावर म्हणाली, मुलीचा वाढदिवस.

आईचं पाहून बाबांना विश्वास बसतो, असं ताई म्हणते. तरी नियमित गोळी घेऊन विषाणू सापडेनासा झालेल्या माणसाकडून जोडीदाराला लागण होत नाही, हे पुरुषांना पटवणं तिला सर्वांत अवघड जातं. ज्या मोठ्या अभ्यासाने ते दाखवलं, त्यात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती आणि त्यांतली काही पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत ('नारी') तपासली गेलेली. २०११ मध्ये निष्कर्ष आले: लवकर उपचार सुरू केल्याने लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. पुढच्या अभ्यासांत, विषाणू सापडत नाही अशा जोडीदाराकडून एकही लागण दिसली नाही. पुण्याचं नाव घेतलं की माणसं ऐकतात, हा तिचा अनुभव.

सवलतींची कहाणी मात्र ती चिडून सांगते. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात एड्सच्या रुग्णाला सवलत आहे. संजय गांधी निराधार योजनेत या आजाराचा समावेश आहे. दोन्ही गोष्टी माणुसकीने केलेल्या. पण सवलत घ्यायची तर खिडकीवर दाखला सरकवायचा आणि मागे रांग उभी. निराधारचा अर्ज भरायचा तर तलाठ्यापासून शेजारच्या साक्षीदारापर्यंत कुणाकुणाला कळणार. जिला पैशांची सर्वांत जास्त गरज आहे ती विधवा बाई अर्ज घेऊन जाते आणि घरी आणून गादीखाली ठेवते. दाखल्यावर आजाराचं नाव न लिहिता नुसता एक क्रमांक का चालू नये, हा ताईचा सरकारला साधा प्रश्न आहे.

२०२४ अखेर जगात ४ कोटी ८ लाख माणसं एचआयव्हीसह जगत होती आणि त्यांतली ३ कोटी १६ लाख उपचारांवर होती. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हा आफ्रिकेत अनेक ठिकाणी दवाखान्यांची दारं बंद झाली. आपल्या कार्यक्रमाचा बहुतेक खर्च केंद्र सरकार करतं, म्हणून कॅम्प ५ मधल्या गोळ्यांना त्याची झळ लागली नाही. पण बातमी पोचली. पंधरा दिवस ताईला एकच फोन येत होता: "आपल्या गोळ्या चालू राहणार ना?"

दुसरा प्रश्न इंजेक्शनचा. लेनाकॅपाव्हिर सहा महिन्यांतून एकदा टोचायचं आणि ते स्वस्तात बनवण्याचे परवाने पुण्याच्या एमक्युअरसह सहा कंपन्यांना २०२४ मध्ये मिळाले, हे मोबाईलवर फिरतं. ते प्रामुख्याने लागण नसलेल्यांच्या बचावासाठी आहे. ज्यांची टीएलडी चालू आहे त्यांनी ती सोडायची नाही, हे तिला दर आठवड्याला सांगावं लागतं. माणसं नाराज होतात. घरात काही ठेवावंच लागलं नाही तर किती बरं, असं त्यांना वाटतं, आणि ताईलाही वाटतं.

सध्या तिच्याकडे एक वेगळी पिढी येते आहे. जन्मतः लागण झालेली, सिरपवर वाढलेली मुलं आता विशीत आहेत. अशाच एका मुलाचं ठाण्याच्या सेंटरला लहानपणापासून नाव आहे. आई त्याला कडेवर घेऊन जायची. आता तो अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत कंत्राटी कामावर आहे. सुट्टी घेतली की पगार कापतात. त्याने ताईला सांगितलं, माझी बदली उल्हासनगरला करून द्या. आई घाबरली, इथे कुणी पाहिलं तर? तो म्हणाला, पाहिलं तर पाहिलं, दिवसाची मजुरी कोण देणार? ताईने ठाण्याहून ट्रान्सफरचा कागद आणवला, त्याचं उपचारांच्या नोंदींचं हिरवं पुस्तक घेतलं आणि उल्हासनगरला नोंद करून दिली. आई अजून ठाण्यालाच जाते. ताई तिला बदली कर असं म्हणत नाही. उलट तिची तारीख जवळ आली की गर्दी कमी असते त्या वारी जा, असं सुचवते.

मुलाची अडचण मात्र पुरती सुटलेली नाही. सेंटर सकाळी उघडतं आणि दुपारी औषधांची खिडकी बंद होते; त्याची फर्स्ट शिफ्ट तेव्हाच असते. म्हणून ताईने आता महिन्याच्या बैठकीत एक मागणी लावून धरली आहे. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी सात ते नऊ औषधांची खिडकी उघडी ठेवावी. रांग इतर ओपीडीपासून वेगळी नसावी, म्हणजे कोण कशासाठी उभं आहे ते कळणार नाही. आणि स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांच्या डब्या द्याव्यात. मागणीच्या अर्जावर तिने किती जणांना याचा उपयोग होईल ते लिहिलं आहे, नावं लिहिलेली नाहीत. पुढच्या बैठकीत ती पुन्हा विचारणार आहे.